तळपायाची आग

उन्हाळ्याशी लढायची आपली सगळी शस्त्रं वरून चालवायची आहेत. टोपी डोक्यावर, उपरणं कानाभोवती, कांदा खिशात आणि पन्हं घशात. आभाळातून येणाऱ्या उष्णतेचा बंदोबस्त करताना आपल्या आज्यांनी काही कमी ठेवलेलं नाही. पण उष्णता खालून आली तर काय करायचं, हे कुठल्याच आजीने सांगून ठेवलेलं नाही. कारण कुठलीच आजी मे महिन्याच्या दुपारी, मागे दहा टन भंगार घेऊन, दुसऱ्या गिअरमध्ये खंबाटकीचा घाट चढलेली नव्हती.

ट्रकचा ड्रायव्हर तो घाट नेहमी चढतो. साताऱ्याकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्या बोगद्यातून सुखाने निघून जातात. पुण्याकडून येणाऱ्यांच्या नशिबी वर्षानुवर्षं चढणच आली. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतका, इंजिनावर पूर्ण ताण, आणि खालून वाहून जायला वारा नाही. अशा वेळी केबिनच्या फ्लोअरचा पत्रा इतका तापतो, की ड्रायव्हर एक पाय मांडीखाली घेतो, दुसरा ॲक्सिलरेटरवर ठेवतो, आणि क्लच दाबायची वेळ आली की पायांची अदलाबदल करतो. हा योगाचा प्रकार कुठल्याही आश्रमात शिकवत नाहीत.

माझे मेहुणे कोल्हापुरात ट्रकमालक आहेत. त्यांची गाडी जाताना साखर नेते आणि येताना इथल्या फाउंड्र्यांसाठी भंगार आणते. गाडीवरच्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणतात. मामा फारसे बोलत नाहीत. त्यामुळे एके दिवशी ते ऑफिसात येऊन ‘शेठ, पाय भाजाय लागल्यात’ म्हणाले, तेव्हा मेहुण्यांनी वर पाहिलं. वर एसी होता. तो सोळावर होता.

‘चप्पल घाला की,’ मेहुणे म्हणाले.

इथून उपायांना सुरुवात झाली. ड्रायव्हर लोक घालतात ती रबरी स्लीपर. ती तापली की मऊ पडते आणि पेडलला चिकटायला बघते. मग कोल्हापुरी झाली. चामडं उष्णता मुकाट अडवतं यात शंका नाही, आणि २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण ब्रेकवर ती सुळकन घसरते, आणि पुढच्या गाडीवाल्याला मानांकन दाखवून भागत नाही.

मग गोणपाट आलं. ओलं करून अंथरलं की पहिला काही वेळ महाबळेश्वर, त्यानंतर वाफारा. मामांना सर्दी नव्हती, तरी वाफ मिळत राहिली. मग रबरी मॅट आली, तिच्यावर दुसरी मॅट, आणि दोन्हींच्या मध्ये फोम. उष्णता खरंच कमी झाली. फक्त क्लच पूर्ण दबेना, कारण पेडलच्या खालची जागा मॅटने खाल्ली होती. गिअर करकरायला लागले. मग कुणीतरी गणपतीच्या जुन्या मखराचा थर्माकोल सुचवला. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतो, हे मखर करणाऱ्यांना माहीत असायचं कारण नाही. त्या मखराचं विसर्जन बोरघाटातच झालं, आणि केबिनमध्ये तो वास दिवाळीपर्यंत राहिला. शेवटी डॅशबोर्डवर २४ व्होल्टचा पंखा बसला. पायापाशी साठलेली गरम हवा तोंडापर्यंत पोचवायचं काम तो आजही इमानदारीने करतो.

या सगळ्या उपायांत एक साम्य होतं. आग खाली होती आणि उपाय वर चालू होते.

खाली नेमकं काय चाललेलं असतं, हे बघायला खाली वाकावं लागतं, आणि मालक लोक सहसा वाकत नाहीत. ढोबळ हिशोब असा: इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या ऊर्जेपैकी सुमारे एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश रेडिएटरच्या वाटेने जाते आणि उरलेली एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर पडते. डिझेल लिटरला नव्वद रुपये धरलं, तर तीस रुपयांत साखर मुंबईला जाते आणि तीस रुपयांचा गरम धूर होतो. म्हणजे मेहुणे लिटरमागे रोख तीस रुपये मोजून जी उष्णता विकत घेत होते, तिच्यातलीच काही मामांच्या पायाला लागत होती. हा खर्चाचा मुद्दा समजावून सांगितला, तेव्हा ते प्रथमच गंभीर झाले. ‘मग ही बंद करा ना,’ म्हणाले.

बंद करता येत नाही. गाडी नुसती उभी राहून घुरघुरत असताना धूर शे-दोनशे अंशांचा असतो. पूर्ण लोडवर चढण चढताना मॅनिफोल्डपाशी तो पाचशे-सहाशे अंशांवर जातो. तो धूर ज्या पाइपातून जातो, तो पाइप केबिनच्या फ्लोअरखालून जातो. का जातो? कारण इंजिनच तिथे आहे.

पूर्वी इंजिन ड्रायव्हरच्या पुढे असायचं. १९५४ साली जमशेदपुरात टाटांनी डेमलर-बेंझच्या जोडीने ट्रक बनवायला घेतले, त्या काळातल्या गाड्यांना पुढे लांबलचक नाक होतं. इंजिन नाकात, ड्रायव्हर मागे, मध्ये पत्र्याची भिंत. पण गाडीच्या एकूण लांबीला कायद्याची मर्यादा असते आणि भाडं मिळतं ते मागच्या हौद्यातल्या मालाचं. नाकाचं भाडं कोण देणार? तेव्हा नाक कापलं गेलं आणि केबिन सरकत सरकत इंजिनाच्या डोक्यावर जाऊन बसली. हौदा लांब झाला. ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मध्ये इंजिनाचं झाकण आलं, त्याला सगळे बॉनेटच म्हणतात. त्या बॉनेटवर वाकळ पडली, वाकळीवर जेवणाचा डबा आला, आणि डब्यातली भाजी गरम राहू लागली. नफा मालकाचा, ऊब ड्रायव्हरची, अशी ही वाटणी फार जुनी आहे.

कायद्यानेही या वाटणीत लक्ष घातलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला ११२ वा नियम सांगतो, की गाडीचा धूर खाली सोडायचा नाही आणि डावीकडेही सोडायचा नाही. डावीकडे पादचारी असतात, बसची वाट पाहणारी माणसं असतात; त्यांच्या तोंडावर धूर नको, हा विचार रास्तच आहे. त्यामुळे धुराला राहिली उजवी बाजू किंवा मागची. उजव्या बाजूला आपल्याकडे कोण बसतो, हे नियमात लिहिलेलं नाही. पुढचाच ११३ वा नियम आणखी काळजीवाहू आहे: धुराचा पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये. डिझेलच्या सुरक्षेसाठी असा मिलिमीटरमध्ये आकडा आहे. ड्रायव्हरच्या तळपायासाठी त्या नियमात काहीच नाही. डिझेल पेट घेतं. ड्रायव्हर फक्त कुरकुरतो.

शेवटी गाडी मिस्त्रींकडे गेली. मिस्त्रींचं गॅरेज हायवेला लागून आहे, आणि तिथे दुरुस्ती सुरू झाली की सल्लागार आपोआप जमतात. त्यात एक फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक होते. उष्णता तीन वाटांनी येते, असं त्यांनी खुर्ची ओढून घेत सांगितलं: धातूला धातू टेकला की त्यातून, गरम हवा वर चढली की तिच्यातून, आणि काहीही मध्ये नसताना नुसत्या किरणांनी. तिसरी वाट सगळ्यात डांबरट. योझेफ श्टेफान यांनी १८७९ साली दाखवून दिलं आणि लुडविग बोल्ट्झमान यांनी १८८४ साली सिद्ध केलं, की किरणांची उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे पाइप तीनशे अंशांवरून चारशेवर गेला, तर त्याच्यातून बाहेर पडणारे उष्णतेचे किरण सव्वापट होत नाहीत, जवळपास दुप्पट होतात.

‘ते घाटात पायाला कळतंय,’ मामा म्हणाले.

सरांनी चमकून पाहिलं. आपला चौथा घात कुणाच्या तळपायाला इतका नेमका समजलेला त्यांनी पाहिला नव्हता. मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, की चटका बसायला पत्रा लालभडक व्हावा लागत नाही. त्रेचाळीस अंशांच्या आसपासच्या गरम धातूला कातडी सात-आठ तास टेकून राहिली तरी भाजते. मे महिन्यात विदर्भातली नुसती हवा त्याच्या वर जाते. त्यात फ्लोअरची भर.

‘म्हणजे मधी पत्रा लावायचा?’ मिस्त्रींनी विचारलं.

‘हो. चकचकीत.’

‘मग एवढंच सांगायचं की, सर.’

पण मिस्त्री लगेच पत्र्याला हात घालणाऱ्यातले नाहीत. त्यांनी आधी गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी चालू केल्या केल्या ते खाली शिरले आणि पाइपच्या प्रत्येक जोडापासून वीतभर लांब हात फिरवू लागले. गॅस्केट फाटलं असेल किंवा क्लॅम्प ढिला असेल, तर हाताला फुसफुस लागते आणि जोडावर काजळीचा काळा ओघळ दिसतो. सापडला. मॅनिफोल्डच्या खालच्या जोडातून गरम धूर सरळ फ्लोअरवर फुंकला जात होता. मग त्यांनी एअर फिल्टर काढून आपटला. त्यातून निघालेल्या धुळीत महामार्गाच्या रुंदीकरणाचा मोठा वाटा होता. इंजिनाला पुरेशी हवा मिळाली नाही की धूर जास्त तापतो. इंजेक्टर बिघडला तरी तापतो. आणि सायलेन्सर आतून चोंदला तरी तापतो. ‘पाय भाजत्यात म्हणून पाय बघत बसायचं नसतंय, नाक बघायचं असतंय,’ मिस्त्री फिल्टरकडे बोट दाखवून म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मॅटी, फोम, गोणपाट आणि थर्माकोलचे अवशेष उपसून फ्लोअर उघडं केलं. खाली भोकंच भोकं होती. पेडलची, गिअरच्या दांड्याची, वायरी गेलेली, आणि पूर्वी कशासाठी तरी पाडलेली. गिअरच्या दांड्याभोवतीचा रबरी बूट फाटून वर्षं झाली होती. चालत्या गाडीच्या काचा खाली असल्या की केबिनमधली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची भरपाई या भोकांतून होते. म्हणजे वारा हवा म्हणून काच उघडावी, तर खालून इंजिनाचा श्वास आत. इथे मात्र कुणी हसलं नाही. धुराचा जो वास येतो तो इतर वायूंचा. त्याच्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. तो डोकं जड करतो, झोप आणतो, आणि ड्रायव्हरला वाटतं जेवण जास्त झालं. भोकं बुजवणं हा पायाच्या आरामाचा प्रश्न नाही, रात्रीच्या गाडीवर जागं राहण्याचा आहे. मिस्त्रींनी एकेक भोक पत्र्याने आणि रबराने बंद केलं, नवा बूट चढवला, गॅस्केट बदललं. त्यानंतरच ते पत्र्याकडे वळले.

आणि वळले तर काय, चॅसिसच्या बाजूला बोल्टची चार रिकामी भोकं त्यांच्याकडे बघत होती.

कंपनीने पत्रा दिलेलाच होता. ॲल्युमिनियम चढवलेला, सायलेन्सर आणि फ्लोअर यांच्या मध्ये बसणारा. अशा पत्र्याला एकच दुर्गुण असतो: तापून-निवून बोल्ट ढिले पडले आणि गंजले की तो वाजतो. उष्णतेची तक्रार वर्षानुवर्षं सोसणारा माणूस खडखड दोन दिवस सोसत नाही. चौकशीअंती निष्पन्न झालं ते असं, की पूर्वी कुणा कारागिराने ‘कंपनी कायबी लावती’ असं म्हणून तो पत्रा काढला, बॉनेटमागे ठेवला, आणि पुढच्या खेपेला तो भंगाराबरोबर फाउंड्रीत उतरला. मामांच्या पायाखालचं चिलखत मामांनीच भाडं घेऊन वितळवायला पोचवलं होतं.

नवा पत्रा कापायला घेतला आणि खऱ्या वादाला तोंड फुटलं. वाद पत्र्याचा नव्हता. पत्र्याच्या वर सोडायच्या बोटभर मोकळ्या जागेचा होता.

मिस्त्रींचं म्हणणं, पत्रा फ्लोअरला टेकवायचा नाही आणि पाइपलाही टेकवायचा नाही. चकचकीत पत्रा किरणं परतवतो, पण जिथे टेकेल तिथे उष्णता थेट पुढे पोचवतो. बोटभर जागा ठेवली की वारा मधून खेळतो आणि पत्र्याला लागलेली उष्णता घेऊन जातो. सरांनी खुर्चीतून मान डोलावली. दोन्ही बाजूंनी चकाकणारा पत्रा गंजक्या पाइपसमोर उभा केला, तर किरणांनी येणारी उष्णता कागदावर दहाव्या हिश्श्याच्याही खाली येते, असं त्यांनी कागदावरच करून दाखवलं. आणि चिखलाने चकाकी गेली की हा हिशोबही जातो, म्हणून गाडी धुताना पत्राही धुवायचा, हेही बजावलं. त्यांच्या हातात चहाचा थर्मास होता. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली केलेल्या बाटलीची सगळी करामत दोन चकचकीत भिंतींच्या मधल्या पोकळीत आहे, हे सांगून त्यांनी सगळ्यांना त्यातला चहा दिला. तो गरम होता.

चहा सगळ्यांना पटला. पोकळी कुणाला पटली नाही.

‘एवढी जागा सोडताय, तर तिच्यात ग्लासवूल भरा की,’ मेहुणे म्हणाले. पाणी, चिखल आणि ऑइल पिऊन ती वूल लोंबायला लागेल, मग वारा बंद, असं मिस्त्री म्हणाले. बाजूच्या टेम्पोवाल्याने पाइपलाच पट्टी गुंडाळायला सांगितलं. तशी पट्टी मिळते आणि उष्णता अडवतेही. पण पाणी धरून ठेवल्याने आतला पाइप गंजतो, आणि डिझेल किंवा ऑइल मुरलं तर ती पेटायची भीती. एकाने गोणपाटाची आठवण काढली. क्लीनर वाकून म्हणाला, ‘चिंध्या आनी पान्हं ठेवाय लई ब्येस जागा हाय ही.’ ऑइलने भिजलेल्या चिंध्या, आणि त्याही तापलेल्या पाइपच्या वर! मिस्त्रींनी त्याला आधी चहाचे कप धुवायला पाठवलं.

त्या दिवशी मला आपल्या समाजाचा एक स्वभाव लख्ख दिसला. आपल्याला उष्णता सोसते, थंडी सोसते, खड्डे सोसतात; रिकामी जागा सोसत नाही. रेल्वेत तिघांच्या बाकावर चौथ्याची जागा आपण नजरेने मोजतो. फ्लॅट ताब्यात आला की आधी बाल्कनी बंद करतो. पलंगाखाली ट्रंका, कपाटावर बॅगा, जिन्याखाली सायकली, आणि माळ्यावर ज्याचं काय आहे ते कुणालाच आठवत नाही असं सामान. ट्रकचं नाक गेलं तेही याच हौसेपायी. जिथे काही नाही तिथे काहीतरी चुकलंय, अशी आपली खात्री असते. आणि इथे मिस्त्री सांगत होते, की औषध ते ‘काही नाही’च आहे, पत्रा फक्त ते धरून ठेवायला.

सरकारने यावर आपल्या परीने तोडगा काढलेला आहे. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनंतर २०२५ सालच्या ठरल्या तारखेपासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या सगळ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. निर्णय उत्तम आहे आणि फार उशिरा आलेला आहे. पण रस्त्यावरच्या लाखो जुन्या केबिनना तो लागू नाही, आणि नव्या गाडीचा पत्राही उद्या वाजल्यावर कुणीतरी काढणारच आहे. मग वरून एसी थंड करणार, खालून फ्लोअर तापवणार, आणि एसी चालवायला इंजिन आणखी डिझेल जाळणार. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर आहे. तो भरला की आतली काजळी सहाशे अंशांच्या आसपास जाळून टाकतात. ड्रायव्हर त्याला ‘रिजन’ म्हणतात. पूर्वी जी काजळी मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर जायची, ती आता गाडीच्या पोटातच जळते. तिथला पत्रा तर अजिबात काढायचा नाही.

प्रश्न शेवटी बुशवर येऊन अडला. पत्रा आणि फ्लोअर यांच्यात अंतर राहावं म्हणून बोल्टमध्ये घालायचे पाइपचे छोटे तुकडे, त्यांना मिस्त्री बुश म्हणत होते. मेहुण्यांनी हिशोब ऐकला: पत्रा, बोल्ट, वॉशर, मजुरी. सगळं मान्य. बुशचे पैसे ऐकल्यावर मात्र ते थांबले.

‘बुश कशाला? पत्रा डायरेक्ट फ्लोअरला ठोका. तेवढेच पैसे वाचतील.’

सरांनी कपाळाला हात लावला. मामांनी हायवेकडे बघितलं. मिस्त्री मात्र शांत होते. मालक लोकांशी त्यांचा संबंध श्टेफान आणि बोल्ट्झमान यांच्यापेक्षा जुना. ते आत गेले, कोपऱ्यातल्या जुन्या पाइपचे चार तुकडे कापून घासून चकचकीत केले, एका रिकाम्या खोक्यात घातले आणि ते खोकं मेहुण्यांच्या पुढ्यात दोन्ही हातांनी धरलं.

‘शेठ, हे साधं बुश न्हाई. जर्मन सिस्टिम हाय. ह्येच्यात एअर असतीया.’

मेहुण्यांनी एक तुकडा उचलला, डोळ्याला लावून त्यातून मिस्त्रींकडे पाहिलं, आणि प्रथमच समाधानाने मान हलवली.

‘मग चारच कशाला?’ ते म्हणाले. ‘आठ लावा. हवा जास्त बसू दे.’